एका सेलवर रात्र

"ताई, याचा फोकस किती लांब जातो?" नारायणगावातल्या माझ्या दुकानात टॉर्च घ्यायला आलेला माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो. मी त्याला विचारते, "लाईट रात्रीची आहे का? दारं किती वेळ धरायचंय?" याचं उत्तर मिळाल्याशिवाय मी कपाटातून टॉर्च काढत नाही.

शेतीपंपाची थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी लागली की विहिरीवर जाऊन मोटर चालू करायची आणि एका सरीतलं पाणी दुसरीत वळवत पहाटेपर्यंत शेतात उभं राहायचं. यालाच दारं धरणं म्हणतात. जुन्नर तालुक्यातल्या उसात बिबट्या आहे, हे आता पुण्या-मुंबईलाही ठाऊक झालंय. बांधावरच्या गवतात घोणस आहे, ही त्याहून जुनी गोष्ट, आणि माझ्या मते त्याहून मोठी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले, आणि निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. म्हणून शेतकऱ्याच्या हातातल्या टॉर्चकडे मी हौसेची वस्तू म्हणून कधीच बघितलं नाही.

गेल्या काही वर्षांत ही वस्तू पार बदलली. आता चांगल्या टॉर्चमध्ये एकच जाडजूड लिथियम-आयन सेल असतो. त्याच्यावरचा आकडा म्हणजे त्याचं माप. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. शेवटचं शून्य गोल नळीसारख्या आकाराचं. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. त्याहून जाड २६६५०, आणि सोलर दिव्यांत येणारा ३२६५०. सध्या माझ्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो 'एकवीस-सातशे'. मुठीत मावतो, वजन ७० ग्रॅमच्या आसपास, आणि चांगल्या कंपनीचा असेल तर ५००० एमएएचचा. त्याचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. गुणाकार केला की १८ वॉट-अवर होतात.

हा १८ चा आकडा लक्षात ठेवा, टॉर्चबद्दलचं निम्मं शहाणपण त्यात आहे. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन उजेड देतो. तेवढाच उजेड या सेलवर दोन तास मिळेल, कारण १८ भागिले ९ म्हणजे २. टॉर्चमधली एलईडी, तिचं सर्किट आणि पुढची काच यांतली गळती धरून एका वॉटला १०० लुमेन बाहेर पडतात असं मानलं, तर अख्ख्या सेलमध्ये १८०० लुमेन-तास आहेत. ते कसे खर्चायचे ते तुम्ही ठरवा. १८०० लुमेन लावलेत तर तासाभरात अंधार. २०० लुमेन लावलेत तर नऊ तास, म्हणजे दारं धरण्याची एक अख्खी रात्र. माझं दारं किती वेळ धरायचंय हे विचारणं याच हिशेबासाठी असतं.

आता बाजारात खोक्यांवर काय छापलेलं असतं ते बघा. एक लाख लुमेन! वर लिहिलेला हिशेब लावला तर एक लाख लुमेनला हजार वॉट लागतील. ३.६ व्होल्टच्या सेलमधून हजार वॉट काढायचे तर पावणेतीनशे अँपिअर ओढावे लागतील. एवढा करंट देणारा या मापाचा सेल बाजारात नाही. असता तरी तो मिनिटभरात रिकामा झाला असता आणि टॉर्च हातात धरवली नसती. असं खोकं घेऊन कुणी आलं की मी कॅल्क्युलेटर त्याच्यासमोर ठेवते आणि बटणं त्यालाच दाबायला लावते.

सेल घेतानाही दोन गोष्टी बघाव्या लागतात. सेल ही पाण्याची टाकी मानली तर एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि अँपिअर म्हणजे तिचा पाईप किती मोठा. एकाच मापात दोन्ही भरपूर मिळत नाहीत. सॅमसंगचा ५०-ई हा २१७०० सेल जवळपास ५००० एमएएचचा, पण सलग सुमारे १० अँपिअरच देतो. मोलिसेलचा पी-४२-ए ४२०० एमएएचचा, पण ४५ अँपिअरपर्यंत जातो. तीन-चार हजार लुमेनच्या टॉर्चमध्ये पहिला घातला तर फुल मोडला तो धापा टाकतो. मंद उजेडावर रात्र काढायची असेल तर तोच सेल उत्तम. शेतकऱ्याला मी पहिलाच देते.

जुना सेल ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. मल्टिमीटरच्या पिना सेलला लावल्या की थकलेला सेलसुद्धा ४.१ व्होल्ट दाखवतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "बघा, सेल तर भरलेला आहे." मग मी मागची टोपी काढून सेलचं टोक टॉर्चच्या बॉडीला तारेने जोडते, फुल मोड लावते आणि मीटर सेलवर धरून ठेवते. नव्या सेलचा आकडा थोडाच खाली येतो. थकलेला सेल डोळ्यांदेखत ३.२ वर येतो आणि उजेड मंद पडायला लागतो. सेल जुना होतो तशी त्याच्या आतली अडवणूक वाढत जाते. ती ०.०२ ओहम असेल तर १० अँपिअरला ०.२ व्होल्ट आतच जिरतात आणि २ वॉट उष्णता होते. तीच ०.१ ओहम झाली की पूर्ण १ व्होल्ट जातो आणि सेल आतून १० वॉटने तापतो. मोबाईलची बॅटरी थकल्यावर ३० टक्के असताना फोन बंद पडतो, त्याचंही मूळ बरंचसं यातच आहे.

एकच मोठा सेल का, तीन छोटे का नकोत, हा प्रश्न शाळेतली मुलं विचारतात तेव्हा मला फार आनंद होतो. ओळीने लावलेल्या सेलमध्ये एक जरी कमजोर निघाला तरी तो आधी रिकामा होतो. बाकीचे दोघे अजून भरलेले असतात आणि त्यांचा करंट त्या रिकाम्या सेलमधून जबरदस्तीने जात राहतो. त्याचे प्लस-मायनस उलटे होतात. लिथियम सेलला हे सोसत नाही. आतलं तांबं विरघळायला लागतं, पुढे आतल्या आत शॉर्ट होतो, गॅस धरतो, आणि घट्ट बंद ॲल्युमिनियमच्या नळीत गॅसला बाहेर पडायला वाट नसते. एकच सेल असला की हा धोका मुळातच येत नाही. सर्किटला एकाच सेलचं व्होल्टेज मोजायचं असतं. ते तीनच्या आसपास आलं की टॉर्च आधी मंद होते, मग बंद होते. काही मोठ्या एलईडींना ६ किंवा १२ व्होल्ट लागतात, तिथे एका सेलचा दाब वाढवून देणारं बूस्ट सर्किट बसवतात. ती गुंतागुंत परवडली, पण नवा-जुना सेल ओळीने लावणं कधीच परवडणार नाही.

वडिलांच्या काळात दुकानात पितळी टॉर्च असायच्या, तीन मोठे जस्त-कार्बन सेल घालायच्या. ते सेल करंट देऊन देऊन दमायचे, उन्हात ठेवून पुन्हा घातले की थोडे सावरायचे, आणि विसरून राहिले तर फुटून नळी आतून खाऊन टाकायचे. अमेरिकेत डेव्हिड मिझेल यांना हातात धरायच्या विजेच्या टॉर्चचं पेटंट १८९९ मध्ये मिळालं. तेव्हापासून शंभर वर्षं मूळ रचना हीच होती: कोरडे सेल, तारेचा बल्ब, मागे आरसा. मग आल्या प्लॅस्टिकच्या चार्जिंगच्या टॉर्च, आत ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. एक पावसाळा चार्ज न करता पडून राहिली की ती बॅटरी संपलीच.

खरा बदल जपानमधून आला. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत प्रखर निळी एलईडी तयार केली, ती १९९३ मध्ये जगापुढे आली. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आजही टॉर्चच्या काचेत बंद एलईडीकडे बघितलंत तर मधोमध पिवळा चौकोन दिसेल, तो हाच थर. निळ्या एलईडीसाठी नाकामुरांना इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासोबत २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लिथियम-आयन बॅटरीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं. या दोन नोबेलांची गाठ रोज माझ्या काउंटरवर पडते, आणि याचा मला अभिमान वाटतो.

फोकसच्या लांबीकडे वळू. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती लांब जातो हे कँडेला ठरवतं. खोक्यावर 'बीम डिस्टन्स' म्हणून जो मीटरचा आकडा असतो तो कँडेलाच्या वर्गमुळाची दुप्पट. २५०० कँडेलाला १०० मीटर, १०,००० कँडेलाला २००. म्हणजे फोकस दुप्पट लांब हवा तर ताकद चौपट लागते. शिवाय त्या शेवटच्या मीटरवर उजेड उरतो फक्त पाव लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याइतका. त्यात झाड दिसेल, पण झाडाखाली काय बसलंय ते कळणार नाही. मी गिऱ्हाईकाला सांगते, आकड्याचं निम्मं धरा. तासांचंही तसंच. प्रमाणित मोजणीत उजेड एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ 'रनटाइम' धरतात. '२००० लुमेन, आठ तास' असं वाचून आठ तास २००० मिळतील असं समजू नका. तीन-चार हजार लुमेनची टॉर्च दोनेक मिनिटांत स्वतःहून उतरते, आणि तसं झालं की लोक तक्रार घेऊन येतात. दीडशे ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला साधारण १३५ ज्यूल लागतात. ४० वॉटमधले पंचवीसेक वॉट उष्णतेत जात असतील तर मिनिटाला अकरा-बारा अंश चढणार. सर्किट उजेड कमी करतं ते हात भाजू नये आणि सेल तापू नये म्हणून. ती टॉर्च बिघडलेली नाही.

आता सापाचं सांगते, कारण टॉर्च निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवते. बिबट्या, कुत्रा, मांजर, गाय यांच्या डोळ्यांच्या मागे उजेड परतवणारा पडदा असतो, म्हणून टॉर्च पडली की डोळे चमकतात. उजेड आला त्याच दिशेला परत जातो, तेव्हा टॉर्च कमरेपाशी न धरता कानाजवळ धरली तर चमक नीट दिसते. विश्वास बसत नसेल तर पावसाळ्यात टॉर्च कानाशी धरून गवतावर फिरवा. जमिनीलगत हिरवट बारीक ठिणग्या दिसतील. एकीवर नजर ठेवून जवळ जा, तिथे जमिनीवर धावणारा कोळी बसलेला असेल. पंचवीस-तीस पावलांवरून कोळ्याचा डोळा दिसतो, पण सापाचा दिसत नाही, कारण त्याच्या डोळ्यात तो पडदाच नसतो. साप ओळखायचा तो रंगावरून आणि आकारावरून.

इथे टॉर्चच्या उजेडाची जात महत्त्वाची ठरते. बाजारातल्या बहुतेक टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, कारण तो आकड्यात जास्त भरतो. त्या उजेडात लाल आणि तपकिरी रंग मरतात. वाळलेला पालापाचोळा, माती आणि घोणशीच्या पाठीवरचे तपकिरी ठिपके एकाच राखाडी रंगाचे होऊन बसतात. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा एक आकडा असतो, सीआरआय. साध्या एलईडीला तो ७० च्या आसपास, चांगल्या एलईडीला ९० च्या वर. उजेडाची छटा ४००० ते ५००० केल्व्हिनची घ्यावी. अशा एलईडीने लुमेन थोडे कमी भरतात, तेवढे खुशाल कमी भरू देत. दुकानाच्या मागे मी सागाच्या वाळक्या पानांचा ढीग ठेवलाय आणि त्यात घोणशीच्या रंगाचा एक जुना दोरखंड. संध्याकाळी आलेल्या माणसाच्या हातात आधी निळसर उजेडाची टॉर्च देते, मग ९० सीआरआयची. दुसरीत दोरखंड सापडला की तो स्वतःच म्हणतो, "ताई, हीच द्या."

फोकसही पसरट हवा. पायापुढची दोन-तीन मीटर जमीन आणि दोन्ही बाजूंचं गवत एकदम दिसायला पाहिजे. लांबचा टोकदार फोकस उसाच्या कडेवरून फिरवायला बरा, पण ते एक-दोन मिनिटांचं काम. बिबट्याच्या भागात टॉर्चच्या भरवशावर एकट्याने जाऊ नये. दोघं-तिघं मिळून, मोठ्याने बोलत, काठीला घुंगरू बांधून जावं. त्यातही बाई असो की बाप्या, वाकून काम करताना जास्त जपावं.

एक गैरसमज जाता जाता. पिवळा उजेड धुकं फाडतो असं म्हणतात. माळशेजच्या धुक्यातले थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा खूप मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. फरक पडतो तो टॉर्च कुठे धरली याने. डोक्याला बांधलेली टॉर्च धुक्यात डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी करते. तीच हातात घेऊन गुडघ्यापाशी धरली की वाट दिसते. सह्याद्रीत भटकणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

चार्जिंगबद्दल मला राग येतो ती गोष्ट म्हणजे सी टाईपचं भोक असूनही सी-टू-सी वायरने चार्ज न होणाऱ्या टॉर्च. लोक त्या बंद पडल्या समजून आणतात. खरं तर त्या सॉकेटपाशी ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात. ते असले तरच पलीकडचा चार्जर ५ व्होल्ट सोडतो. काही कंपन्या ते दोन रेझिस्टरच बसवत नाहीत. दीड मिलिमीटर लांबीचा एकेक रेझिस्टर चिमट्याने भिंगाखाली धरून मी सोल्डर करते. ज्यांना तेवढी दुरुस्ती नको त्यांनी जुन्या चपट्या पिनची वायर वापरावी, चार्ज होते. चार्ज करताना सेल आधी ठराविक करंटने भरतो, मग ४.२ व्होल्टला पोचला की करंट हळूहळू कमी होतो. शेवटचा थोडा भाग वेळ खातो तो म्हणून. ३२६५० मधला लिथियम-फॉस्फेटचा सेल मात्र ३.६५ व्होल्टलाच थांबवायचा असतो. दिसायला सारखा म्हणून तो दुसऱ्या टॉर्चमध्ये घालू नका. लडाखला जाणाऱ्यांनी शून्याखालच्या थंडीत सेल चार्ज करू नये, आत लिथियमचा थर जमून तो कायमचा बिघडतो. खिशात, अंगाच्या उबेला ठेवून मग चार्ज करावा. विमानात सुटे सेल हातातल्या बॅगेतच न्यायचे, प्रत्येक सेल प्लॅस्टिकच्या डबीत.

आणि सेल बनावट निघतात. एका घाऊक व्यापाऱ्याने मला ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० पाठवले होते. या मापाचा चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतो. वजनकाट्यावर ठेवला तर तीस ग्रॅमही भरेना. खरा ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. कपॅसिटी टेस्टरवर लावला, हजाराच्या आसपास थांबला. सगळा माल परत केला. तेव्हापासून काउंटरवर काटा असतो, आणि सेल गिऱ्हाईकासमोर तोलून देते. ज्या टॉर्चमधला सेल काढता येत नाही ती मी ठेवतच नाही. तीन-चारशे वेळा चार्ज झाल्यावर सेलची ताकद उतरायला लागते. चारपाचशे रुपयांचा सेल बदलून जी टॉर्च पुन्हा नवी होते, ती सेलसकट फेकायला लावणं मला पटत नाही.

काढलेला सेल उकिरड्यावर टाकू नका, आणि पाचट पेटवताना त्यात तर अजिबात नको. जाळात तो फुटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, पण गावापर्यंत ती व्यवस्था पोचायला वेळ लागेल. तोवर माझ्या दुकानात वाळू भरलेला पत्र्याचा डबा आहे. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आणा. डबा भरला की मी तो पुण्याला नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे पाठवते. सेल कुठल्याही दुकानातून घेतलेला असला तरी चालेल.